टाक्यावरचा ताण ऑपरेशन थिएटरबाहेर तयार होतो

खांद्यातली तुटलेली नस दुर्बिणीतून शिवता येते, ही बातमी आता यवतमाळ-वाशिमच्या खेड्यांतही पोचली आहे. कुणाच्या मामाचं नागपुरात झालेलं असतं, कुणाच्या व्याह्याचं हैदराबादला. त्यामागोमाग मागण्याही सुरू झाल्या आहेत. हे ऑपरेशन जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावं, सरकारी योजनेत त्याला चांगला दर मिळावा, दर वाढला की चांगले सर्जन आपोआप येतील. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण खेड्यातल्या खांद्यांवर फिजिओथेरपी करताना रोज जे दिसतं, त्यावरून माझं मत वेगळं झालं आहे. आपण मधल्याच टप्प्यावर पैसा ओतायला निघालो आहोत. शिवलेली नस टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत ठरतं. सर्जनच्या हातात मधले एक-दोन तास असतात.

आधी खांद्यात घडतं काय ते पाहू. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा, आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ. म्हणून तर हात सगळ्या दिशांना फिरतो. गोळा घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला वरून, मागून आणि पुढून आवळून धरतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलरिस. स्नायू ज्या चिवट दोरीनं हाडाला जोडलेला असतो तिला टेंडन म्हणतात; या चौघांच्या टेंडनचा मिळून रोटेटर कफ होतो. गावात 'नस तुटली' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सुप्रास्पायनेटसचं टेंडन हाडापासून सुटलेलं असतं. कधी बैलगाडीवरून किंवा मोटरसायकलवरून पडून ते एका झटक्यात सुटतं. जास्त वेळा ते वर्षानुवर्षं झिजत आलेलं असतं आणि पन्नाशी-साठीतल्या एखाद्या दिवशी ट्रॉलीवर सोयाबीनचा भारा फेकताना उरलेले धागेही जातात.

मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये जुळतं, तसं सुटलेलं टेंडन आपोआप परत चिकटत नाही. त्याच्यामागचा स्नायू त्याला सतत आत, पाठीच्या फऱ्याकडे ओढत असतो. आठवडे जातात तसा स्नायू आखडतो. महिने जातात तसा तो वाळतो, त्याच्या धाग्यांचा कल बदलतो आणि मधल्या जागेत चरबी भरते. गुतालिए या फ्रेंच सर्जननी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून या चरबीची शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली. तिसऱ्या प्रतीत चरबी आणि स्नायू बरोबरीनं असतात, चौथ्या प्रतीत चरबीच जास्त. ही प्रतवारी आजही वापरली जाते, कारण तिच्यामागचं कडू वास्तव बदललेलं नाही. एकदा भरलेली चरबी टेंडन शिवल्यावरही सहसा मागे हटत नाही.

सर्जन अशा जुन्या खांद्यात दुर्बीण घालतो तेव्हा टेंडनचं टोक मूळ जागेपासून बरंच आत गेलेलं असतं. त्याला चिमट्यानं धरून हाडापर्यंत आणायचं असतं. येतं, पण ओढून. सोडलं की परत जातं. त्या ओढीवर टाके घालणं म्हणजे उन्हात वाळलेली चामड्याची वादी ताणून खिळ्याला अडकवणं. वादी तुटत नाही, आरीनं पाडलेली भोकं फाटत जातात. टेंडनमध्ये बहुतेकदा हेच होतं. दोरा शाबूत राहतो, दोरा अडकवायला हाडात बसवलेला खिळा, म्हणजे अँकर, तोही शाबूत राहतो, आणि दोरा टेंडनला कापत बाहेर येतो. शिवाय ताणलेल्या टेंडनमध्ये रक्त कमी फिरतं, आणि भरून यायला रक्त तर लागतंच.

टेंडन जागेवर आणायला किती जोर लागतो, हे ऑपरेशनच्या टेबलावर मोजणारे अभ्यास झाले आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात आठ पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेतीन किलोच्या वर ताण लागलेल्या खांद्यांचे परिणाम कमी प्रतीचे निघाले. साडेतीन किलो! दुपारपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेच्या ओटीत यापेक्षा जास्त वजन असतं. २००४ मध्ये आलेला एक अमेरिकन अभ्यास तर सर्जन मंडळींना चांगलाच झोंबला. मोठ्या आणि अतिमोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांची वर्षभरानं सोनोग्राफी केली, तेव्हा १७ जणांचं टेंडन पुन्हा फाटलेलं होतं.

तंत्र तेव्हापासून पुढे गेलं आहे, हे मान्य. चिकटलेल्या जागा सोडवून टेंडन मोकळं करतात. फाट लांब असेल तर तिच्या दोन कडा आधी एकमेकींना शिवून मग हाडाकडे नेतात, म्हणजे कडेवरचा ताण वाटला जातो. टेंडन मूळ जागेपर्यंत येतच नसेल तर थोडं अलीकडे बसवतात. दोन ओळींत टाके घालून देखणं काम करण्याऐवजी एकाच ओळीत, कमी ताणात भागवतात, किंवा जेवढं येईल तेवढंच शिवून बाकी सोडून देतात. तेही जमण्यासारखं नसेल तर दुसऱ्या स्नायूचं टेंडन वळवून आणणं, जपानच्या मिहाता यांनी पुढे आणलेली मांडीतल्या पडद्याची जोड, फ्रान्सच्या ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात घडवलेला, गोळा आणि खोबण यांच्या जागा बदलणारा उलटा कृत्रिम सांधा. ही यादी वाचताना एक गोष्ट मला टोचत राहते. जसजसं खाली जावं तसतसा उपाय महाग, अवघड आणि घाटंजी-धारणीसारख्या तालुक्यांपासून दूर होत जातो. आणि खाली जाण्याची वेळ अनेकांवर निव्वळ उशिरामुळे येते.

इथं एक रास्त आक्षेप घेता येईल. त्या १८ रुग्णांपैकी बहुतेकांचं दुखणं वर्षभरानं कमी झालेलं होतं आणि हात वर जात होता. पुन्हा फाटूनही बरं वाटत असेल तर ताणाचा एवढा बाऊ कशाला? त्याच रुग्णांचा फायदा दुसऱ्या वर्षी थोडा घसरला, हे एक उत्तर. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. दुखणं थांबणं आणि ताकद येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. निवृत्त कारकुनाला दुखणं थांबलं म्हणजे पुष्कळ झालं. शेतमजुराला मजुरी मिळते ती ताकदीची. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर चढवताना, पाण्याचा गुंड डोक्यावरून उतरवताना, कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकताना लागते ती ताकद भरून आलेल्या टेंडनशीच जास्त बांधलेली आहे. आणि भरून येण्याचं प्रमाण वयानुसार किती बदलतं पाहा. २००५ च्या एका फ्रेंच अभ्यासात सुप्रास्पायनेटसची फाट शिवलेल्या ६५ रुग्णांपैकी ७१ टक्के खांदे पूर्ण भरले. पासष्टीपुढच्यांमध्ये मात्र ४३ टक्केच. मजूर माणूस आधीच पन्नाशीत येतो, वर दोन वर्षं गावातच घालवतो. त्याच्या नशिबी कुठला आकडा येणार?

ती दोन वर्षं जातात कुठे? "मावशी, हात कधीपासून वर जात नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "मागच्या तुरीपासून जी." तारीख कुणी सांगत नाही, पीक सांगतात. थोडं खोदलं की कळतं, दुखणं त्याच्याही आधीचं होतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, वेणी घालताना हात मागे पोचत नव्हता. मेडिकलवरून गोळ्या झाल्या, आठवडी बाजारातलं तेल झालं, हाडवैद्याची मालिश झाली. मग तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "खांदा जाम झाला," आणि सांध्यात इंजेक्शन दिलं. इंजेक्शननं पंधरा दिवस बरं वाटलं, म्हणून आणखी एक. दुखणं उतरवायला एखादं इंजेक्शन योग्यच असतं. हात न तपासता तेच पुन्हा पुन्हा देत राहणं हा निव्वळ आळस आहे, आणि वारंवारच्या स्टिरॉइडनं टेंडन कमजोर होण्याची भीती वेगळीच.

जाम झालेला खांदा आणि फाटलेला कफ यांतला फरक ओळखायला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही. रुग्णाचा हात आधी त्याला स्वतःला वर उचलायला सांगायचा, मग आपण धरून उचलायचा. खांदा जाम असेल तर दोन्ही वेळा हात अडतो. कफ फाटला असेल तर स्वतःहून हात जात नाही आणि आपण उचलला की वर जातो. सोडला तर कधी धपकन खाली पडतो. फऱ्याच्या वरच्या बाजूला खड्डा पडलाय का, हे बोटानं चाचपायचं. हात बाहेरच्या बाजूला वळवून धरायला लावायचा आणि तो परत आत घसरतो का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला हे एका दुपारी शिकवता येईल. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी गावपातळीवर करायची यंत्रणा आपल्याकडे आहेच. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. त्या फॉर्मवर 'हात डोक्याच्या वर जातो का' हा एक प्रश्न का नसावा? गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं गावातली पाठदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय मानून तिचा अभ्यास केला. खांद्याला अजून तसा वाली भेटलेला नाही.

तपासणीत संशय आला तर पुढचं पाऊल एमआरआयच असलं पाहिजे असंही नाही. टेंडन आरपार फाटलं आहे का, हे सरावलेल्या हातात सोनोग्राफी जवळपास एमआरआयइतकंच नीट सांगते, तेही कितीतरी कमी पैशात. अडचण अशी की गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानं प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदणीत आणि पहाऱ्यात बांधलं आहे, मग ते खांद्यासाठी वापरायचं असो की आणखी कशासाठी. महाराष्ट्रात मुलींच्या जन्माचं जे झालं ते बघता तो कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. पण ग्रामीण रुग्णालयांत जिथं नोंदणी असलेलं यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर आधीच आहे, तिथं आठवड्यातला एक दिवस हाडा-सांध्यांसाठी ठेवायला कुठला कायदा आड येतो?

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. उद्या कुणी गावोगाव खांद्यांच्या एमआरआयची शिबिरं लावली तर मी विरोध करीन. कारण काहीही त्रास नसलेल्या खांद्यांतही फाटी सापडतात, आणि वयाबरोबर भरपूर सापडतात. जर्मनीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तक्रार नसलेल्या ४११ लोकांची सोनोग्राफी केली, तर २३ टक्क्यांत फाट निघाली. ऐंशीपुढच्यांमध्ये निम्म्याहून जास्त. प्रत्येक फाट शिवायची म्हटलं तर अँकर विकणाऱ्यांचं भलं होईल, दुसऱ्या कुणाचं नाही. पडून-झडून न झालेल्या, झिजेच्या फाटींमध्ये पहिला उपचार व्यायामच. अमेरिकेत ४५२ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून कमी लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशनचा रस्ता धरला. हे लिहिताना माझ्याच धंद्याची जाहिरात होते आहे. होऊ द्या. त्याच वेळी नॉर्वेतल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात शिवलेले खांदे व्यायामावर ठेवलेल्यांपेक्षा सरस निघाले, आणि न शिवलेल्या काही फाटी वाढत गेल्या, हेही तितकंच खरं. म्हणजे व्यायामावर ठेवलेल्या माणसावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. फाट वाढली, हाताचं बळ गेलं, की ताण वाढायच्या आत त्याला पुढे पाठवणारं. आणि धडधाकट माणूस पडून एकाएकी हात उचलेनासा झाला असेल तर त्याला व्यायामात घोळवत न ठेवता काही आठवड्यांतच सर्जनकडे पाठवणारंही. खेड्यात नेमका हा माणूस नसतो. फिजिओथेरपी जिल्ह्याच्या रुग्णालयात मिळते, आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं जिल्ह्याला जाणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि तिकीट.

आता नंतरच्या महिन्यांबद्दल. माझ्या मते खरी गोम इथंच आहे.

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे हात पट्ट्यात ठेवायचा असतो, फाट मोठी असेल तर काखेत उशी देऊन थोडा अंगापासून दूर. ती उशी लाड म्हणून दिलेली नसते. हात अंगाला चिकटवला की शिवलेल्या टेंडनवरचा ताण वाढतो, बाजूला ठेवला की कमी होतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, पत्र्याच्या घरात काखेत फोमची उशी बांधून झोपणं काय असतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांनीच 'रुग्ण सूचना पाळत नाहीत' हे वाक्य जपून वापरावं. त्यानंतर हळूहळू हलवणं, साधारण तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम, आणि जड काम सहा महिन्यांच्या आधी नाही. सगळ्यात फसवा काळ तिसरा-चौथा महिना. दुखणं गेलेलं असतं, हात वर जातो, घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला. आत टेंडन आणि हाड यांचं नातं अजून कच्चंच असतं.

विदर्भातल्या शेतीच्या वर्षात हे सहा महिने कुठे बसवायचे? कापसाची वेचणी माघापर्यंत रेंगाळते, तूर, मग हरभरा. मोकळीक मिळते ती मार्चमध्ये. मार्चमध्ये ऑपरेशन झालं की तो फसवा तिसरा महिना बरोबर मृगाला येतो. पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, सगळं सहाव्या महिन्याच्या आत. भंडारा-गोंदियाकडे रोवणी. त्याच्याही आधी गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि तेंदूचे ते काही दिवस अनेक घरांची वर्षाची रोख कमाई असतात. सहा महिने रिकामा हात ठेवायला या पंचांगात जागाच नाही. म्हणून बाई चौथ्या महिन्यात निंदायला जाते, आणि मग आपण म्हणतो टाका सुटला.

आता सरकारी पैशाकडे पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरची सेवा धरली गेली ती दहा दिवसांपर्यंतची. केंद्राच्या आयुष्मान भारतमध्ये पंधरा. योजनेचा मी उपहास करत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं तिचा पहिला टप्पा सुरू झाला, त्या आठ जिल्ह्यांत अमरावती आणि गडचिरोली होते, आणि हृदयाच्या, कॅन्सरच्या रुग्णांची घरं तिनं विकण्यापासून वाचवली आहेत. पण ती बेतलेली आहे रुग्णालयातल्या खाटेभोवती. झडप बदलली की काम झालं, असं तिथं बऱ्याच अंशी म्हणता येतं. टेंडन शिवून माणूस घरी आला की काम सुरू होतं.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. शेजारच्या वावरातल्या मजुराला काही नाही. रोजगार हमीच्या कायद्यात कामावर इजा झाली तर उपचार आणि रुग्णालयात असेपर्यंत अर्ध्या मजुरीची तरतूद केलेली; पण झिजत गेलेलं टेंडन कुठल्या दिवशी, कुठल्या कामावर तुटलं, हे कोण लिहून देणार? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना मृत्यू आणि हात, पाय, डोळा गमावण्यापुरती, तीही सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबाला. हात जागेवर आहे पण वर जात नाही, अशा भूमिहीन बाईसाठी एकही रकाना नाही.

म्हणून माझी मागणी अशी: या ऑपरेशनचं पॅकेज वाढवायचं असेल तर वाढीव रक्कम रुग्णालयाला न देता रुग्णाच्या खात्यात सहा महिन्यांची मजुरी म्हणून द्यावी. रोहयोचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. दीडशे दिवसांचे ४६,८०० होतात. कुटुंबामागे पाच लाखांचं कवच देण्याची भाषा करणाऱ्या व्यवस्थेत हा दहावा हिस्साही नाही. लोक पैशासाठी ऑपरेशन करून घेतील, पैसे घेऊन तरी कामावर जातील, असं लगेच म्हटलं जाईल. पण मजुरी बुडते म्हणून पैसे देणं हे या राज्याला नवीन नाही. मातृवंदना योजनेतले पाच हजार त्याच कारणासाठी, तपासण्यांच्या अटीवर, हप्त्यांनी दिले जातात. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा रक्कम मिळते. तसेच इथं हप्ते बांधा: सहा आठवड्यांनी हात दाखवला की एक, तिसऱ्या महिन्यात दाखवला की दुसरा. दाखवायला येईल तेव्हा शुगर तपासा आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल बोला. मधुमेहात टेंडन भरण्याचं काम मंदावतं, आणि निकोटीन टेंडन-हाडाच्या जुळणीला बाधतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ज्या भागात चहाआधी खर्रा घोटला जातो तिथं ही गोष्ट सर्जननं डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत उरकण्यासारखी नाही.

आणि हे काहीच देता येत नसेल तर? मग ताणाखालची मोठी दुरुस्ती त्या रुग्णावर करूच नये, इतकं मी स्पष्ट म्हणेन. गरिबाला ऑपरेशन नाकारायचं का, असा संताप यावर होतो, आणि तो मला समजतो. पण चरबी भरलेल्या स्नायूचं टेंडन ओढून शिवायचं, माणसाला सहा महिने बसवण्याची सोय करायची नाही, घरचं कर्ज वाढवायचं आणि आठव्या महिन्यात फाटलेला खांदा त्याच्या 'निष्काळजीपणा'च्या खात्यावर टाकायचा, यात समानता कुठे आहे? दुखणं कमी करण्यापुरतं, जेवढं सैलपणे येतं तेवढंच शिवणं किंवा न शिवता व्यायामावर ठेवणं हा अशा वेळी कमी प्रतीचा उपचार ठरत नाही. फक्त रुग्णाला ऑपरेशनच्या आधी हे मराठीत, बसवून, सांगायला हवं. "टाके घालतो, होईल बरोबर" हे सांगणं नव्हे.

हे सगळं कुणी मोजत नाही, म्हणून चालून जातं. सुप्रास्पायनेटस शिवण्याच्या सुरुवातीच्या ऑपरेशनांपैकी एक बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये केलं. आम्ही फिजिओथेरपिस्ट रुग्णाला वाकवून हात लोंबता ठेवून जो झुलवण्याचा व्यायाम देतो, तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पण कॉडमन यांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. प्रत्येक रुग्णाचं वर्षभरानं नेमकं काय झालं हे प्रत्येक रुग्णालयानं शोधावं, नोंदवावं आणि जाहीर करावं, असा आग्रह त्यांनी धरला. तो न मानणारं मोठं रुग्णालय त्यांनी १९१४ मध्ये सोडलं. १९११ मध्ये काढलेल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रुग्णांमागे स्वतःच्या १२३ चुका त्यांनी छापून टाकल्या. समव्यावसायिकांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं.

शंभर वर्षांनंतर आपल्या योजनांच्या पोर्टलवर प्रत्येक ऑपरेशनचे आधीचे-नंतरचे फोटो, बिलं, मंजुऱ्या सगळं चढतं. वर्षानंतरचा हात चढत नाही. आशाताईंनी किंवा एखाद्या कॉल सेंटरनं विचारायचे प्रश्न दोनच: हात डोक्याच्या वर जातो का, आणि पूर्वीच्या कामावर परत गेलात का. उत्तरं रुग्णालयवार जाहीर करायची, पण कुणाचा खांदा किती जुना आणि किती फाटलेला होता हे सोबत मांडून. नाहीतर सोपे खांदे घेणारा हुशार आणि अवघड घेणारा वाईट ठरेल.

असे आकडे जाहीर झाले तर सर्जन अवघड खांद्यांना हात लावणार नाहीत, ही भीती खरी आहे. मला तर त्यातला काही भाग हवाच आहे. वाळलेल्या स्नायूवरचे काही टाके पडले नाहीत तर बिघडणार काही नाही. मात्र ज्यांना नाही म्हटलं त्यांना एसटी स्टँडवर सोडून देता येणार नाही. न शिवता येणाऱ्या मोठ्या फाटीतही खांद्याच्या पुढच्या डेल्टॉइड स्नायूला पद्धतशीर तयार केलं तर अनेक वयस्क लोकांचा हात बऱ्यापैकी वर जाऊ लागतो. सुरुवात पाठीवर झोपून, नुसत्या हातानं; मग मुठीत हलकं वजन; मग हळूहळू पाठ उचलत बसतं होत. रोज करायचं आणि काही महिने करायचं. याला लागतो एक पलंग, पाण्याची अर्धी बाटली, आणि दर आठवड्याला हात बघून पुढची पायरी सांगणारा एक माणूस. त्या माणसाचं पद तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भरलेलं असलं पाहिजे, आणि ते भरण्याचं काम कुठल्याही पॅकेजच्या दराआधी व्हायला हवं.